देश बदलत फिरावं, की एकाच गावात राहावं?

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यातली नोकरी सोडायची, साठवलेले पैसे घेऊन सहा-आठ महिने परदेशात जायचं आणि पुढं काय करायचं ते तिथं ठरवायचं, असं म्हणणारे दोघे मला एवढ्यात भेटले. एक खानापूरचा, एक अनगोळचा. दोघांनी एकच विचारलं: दर पंधरा दिवसांनी जागा बदलावी, की कुठंतरी खोली घेऊन राहावं? मी दोन्ही करून आलोय.

पहिले चार महिने मी फिरलो. मलेशिया, थायलंड, कंबोडिया, लाओस. बघायला भरपूर मिळालं. लाओसमधल्या लुआंग प्रबांगला पहाटे भगवे भिक्षू रांगेनं भिक्षेला निघतात, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. पण आयुष्याचा विचार म्हणाल तर झालाच नाही. मलेशियात भारतीयांना व्हिसाशिवाय ३० दिवस राहता येतं, म्हणजे उतरल्यापासून दिवस मोजायचे. पुढची बस, पुढची खोली, पैसे कुठं बदलायचे, ह्यातच डोकं अडकतं. मनातलं लिहायला म्हणून वही नेली होती. चार महिन्यांनी बघितलं तर तिच्यात बसच्या वेळा आणि हिशेब.

मग व्हिएतनाममध्ये दा लातला थांबलो. ऑगस्ट २०२३ पासून तिथला ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदाच प्रवेश करायचा असेल तर २५ डॉलर. फ्रेंचांनी वसवलेलं हे थंड हवेचं गाव सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. पाइनची झाडं, आसपास कॉफीचे मळे, मधोमध तळं. बेळगावच्या किल्ला तलावाला फेरी मारावी तशी मी रोज सकाळी त्या तळ्याला फेरी मारायचो. पहिले दोन आठवडे कंटाळा आला, जीव नको झाला. तो कंटाळा सोसा, कारण त्याच्यानंतरच मन बोलायला लागतं. मला मशीनचा कंटाळा आलाच नव्हता, दुसऱ्याच्या शिफ्टचा आला होता, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

आणखी एक. फिरताना 'कुठला?' म्हटलं की 'इंडिया' सांगून सुटका होते. एका गावात राहिलं की घरमालकीण दुसरा प्रश्न विचारते, मग तिसरा. घरात मराठी, शाळा मराठी, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, बाजारात दोन्ही भाषा: हे तिला फोनवरच्या भाषांतरातून समजावताना मला माझंच दिसलं. पुढं जायचं म्हणजे पुण्याला नाहीतर बेंगळूरुला जायचं, हे लहानपणापासून मी न विचारता धरून चाललो होतो.

आई फोनवर म्हणायची, "एकाच गावात तीन महिने राहायचं तर बेळगाव काय वाईट होतं रे?" वाईट काहीच नव्हतं. पण इथं काकांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाकडं माझ्यासाठी एक बेत तयार असतो. तिथं कुणाकडंच नव्हता.

एका जागी राहण्याचा तोटाही सांगतो. संध्याकाळ अंगावर येते. गणपतीच्या दिवसांत मला फार जड गेलं. फिरताना हॉस्टेलमध्ये बोलायला कुणीतरी असतं. पैशांचं म्हणाल तर महिन्याचं भाडं आणि हातचा स्वयंपाक सहसा स्वस्त पडतो.

बाविशी-तेविशीचे असाल, काही ठरवायची घाई नसेल, तर बिनधास्त फिरा. वय १८ ते ३० असेल तर ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसाही आहे, भारतीयांसाठी वर्षाला १,००० जागा, सोडतीनं. त्यात खर्च भरून निघू शकतो, पण दिवस कामात जातो. लग्न, घरची शेती, स्वतःचा धंदा असं काही डोक्यावर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: एक महिना फिरा, बाकीचे दिवस एका गावाला द्या.

खोली बघताना चूल मांडायची सोय आहे का ते आधी विचारा, आणि घरची चटणी डबाभर न्या. मी अर्धा किलो नेली होती, दुसऱ्या महिन्यात संपली.