हप्ता म्हणून सही केली, निघालं कर्ज

दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळीच मोबाईलवर बँकेचा मेसेज यायचा. खात्यातून ४,७२० रुपये वजा. पोरीच्या ट्यूशनचा हप्ता, गेला, असं म्हणून मी तो पुसून टाकायचो. २०२४ च्या डिसेंबरमध्येही पाच तारखेला तो बरोबर आला. तोवर ट्यूशनच्या शटरला कुलूप लागून महिना उलटला होता आणि क्लास चालवणाऱ्या सरांचा फोन बंद होता. पैसे मात्र वेळेवर कटले.

मी नागपूरच्या इतवारीत एका कापडाच्या ठोक दुकानात हिशेब लिहितो. बावीस वर्षं झाली. दिवसाला पन्नास-साठ बिलं हाताखालून जातात. कागद वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हसायचं तर मोकळेपणाने हसता येईल.

मार्च लागला की आमच्या मानेवाडा भागात विजेचे खांब दिसेनासे होतात, इतके ट्यूशनचे बॅनर. पोरगी आठवीत जाणार होती आणि सातवीच्या सहामाहीत गणितात घसरली होती. बायकोने तीन ठिकाणं काढली. एक, आमच्याच गल्लीतल्या रिटायर्ड शिक्षिका काकू, घरी सतरंजीवर आठ-दहा मुलं घेतात. दुसरा मोठ्या नावाचा क्लास, पण रिंग रोड ओलांडून. त्या रस्त्यावरचे ट्रक पाहिले की मीच गाडी हळू करतो, तेरा वर्षांची पोर सायकलने कशी पाठवायची? तिसरा हा, नवाच उघडलेला, सायकलने दहा मिनिटं. एसी, पांढरे फळे, दारावर मोठा कॅमेरा. काकूंकडे एसी नव्हता. हेही कारण होतं, खोटं कशाला बोलू? एप्रिल-मेमध्ये नागपुरात पारा ४५ ला टेकतो आणि सुट्टीतली बॅच पण सुरू होणार असं त्यांनी सांगितलं होतं. (ती बॅच झालीच नाही.)

आधी रविवारी 'स्कॉलरशिप टेस्ट' झाली. तीस प्रश्न, पाऊण तास. संध्याकाळी फोन आला, "सर, अभिनंदन, मुलीला चाळीस टक्के स्कॉलरशिप." माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी डेमो लेक्चर. गणिताचे सर खरोखर चांगले होते. पोरगी घरी येऊन बाबांना ऋण संख्या शिकवायला लागली, म्हणजे बघा.

मग काउन्सेलर मॅडमनी हिशेब मांडला. आठवी-नववीचा दोन वर्षांचा फाउंडेशन कोर्स ८०,००० चा. स्कॉलरशिप वजा जाता ४८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०. एकूण ५६,६४०. "एकदम भरायची गरज नाही सर, बारा हप्ते, शून्य व्याज. पण ही ऑफर आज संध्याकाळपर्यंतच, नंतर सिस्टीम लॉक होते." सीट धरून ठेवायला दोन हजार रोख दिले. त्याची पावती नाही. नंतर अॅडजस्ट करू म्हणाल्या, ते काही झाले नाहीत.

हप्त्यासाठी त्यांनी टॅब पुढे केला. आधार, पॅन, कॅन्सल केलेला चेक, एक सेल्फी. बायको म्हणाली, "वाचून तं घ्या काय आहे ते." मॅडम म्हणाल्या, "काही नाही हो मॅडम, ऑटो-डेबिटचं आहे." ओटीपी आला तो मी वाचलासुद्धा नाही, फोन त्यांच्याच हातात दिला. आता तो मेसेज पुन्हा काढून पाहिला तर त्यात एका फायनान्स कंपनीचं नाव आणि 'लोन' हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. कापडाच्या गाठीचा सौदा करतानासुद्धा आमचे शेठ याहून जास्त वेळ घेतात.

खरी मेख इथेच आहे. मला वाटत होतं मी क्लासला हप्त्याहप्त्याने फी देतोय, म्हणजे क्लास बंद तर हप्ता बंद. प्रत्यक्षात त्या दहा मिनिटांत माझ्या नावावर ५६,६४० रुपयांचं कर्ज निघालं. कंपनीने रक्कम थेट क्लासच्या खात्यात टाकली, तीही बहुतेक थोडी कापून, कारण शून्य व्याजाचं कर्ज कोणी धर्मादाय देत नाही. क्लासला दोन वर्षांचे पैसे पहिल्याच दिवशी मिळाले. त्यानंतर शिकवलं काय, न शिकवलं काय, त्याचं काहीच अडणार नव्हतं. आणि मी देणेकरी झालो एका अशा कंपनीचा, जिला माझ्या पोरीच्या गणिताशी काही घेणंदेणं नाही.

जुलै-ऑगस्ट बरे गेले. पोळ्याच्या सुमारास गणिताचे सर दिसेनासे झाले. त्यांच्या जागी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला, गाईड उघडून फळ्यावर उतरवायचा. विचारलं तर "सर गावी गेले आहेत". बऱ्याच दिवसांनी ते सर मला तर्री-पोह्याच्या ठेल्यावर भेटले. त्यांचा दोन महिन्यांचा पगार बुडाला होता. म्हणाले, "भाऊ, मला तं डेमोसाठीच जास्त वापरत होते." तेव्हापासून डेमो लेक्चरवर माझा काडीचा विश्वास राहिलेला नाही. पाहायचंच असेल तर ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी न सांगता जाऊन मागच्या बाकावर बसा. बसू देत नसतील तर तेही उत्तरच झालं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ११ नोव्हेंबरला क्लास उघडणार होता. ग्रुपवर मेसेज आला, विधानसभेची निवडणूक आहे, २० तारखेच्या मतदानानंतर सुरू करू. पटलं, शाळांमध्येही केंद्रं होतीच. मग निकाल लागू द्या. २३ ला निकालही लागला. २५ ला सोमवारी संध्याकाळी मी स्वतः गेलो तर शटर खाली, बॅनर गायब, आणि भिंतीवर 'जागा भाड्याने देणे आहे'.

तिथे आणखी सात-आठ पालक उभे होते. महिनोन्महिने आमची पोरं एकाच बाकावर बसत होती, पण आम्ही एकमेकांशी पहिल्यांदा बोलत होतो, कारण व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहू शकायचा. पालक गप्प, सूचना तेवढ्या येणार. त्या वेळी ती मला शिस्त वाटली होती.

"तुमच्या पोरीले किती टक्के भेटले होते?" एकाने विचारलं.

"चाळीस."

"माह्या पोराले पण चाळीसच न भाऊ! त्याले तं पाढे येत नाही धड."

मग जो तो सांगायला लागला. चाळीस, चाळीस, चाळीस. एका बाईंनी भांडून पंचेचाळीस करून घेतले होते. त्या तेवढ्यातही जरा ताठ उभ्या राहिल्या. म्हणजे ८०,००० ही फी कधी कोणी भरलीच नव्हती. ४८,००० हाच भाव होता आणि स्कॉलरशिप हे त्याच्यावर चिकटवलेलं लेबल. आमच्या बाजारात साडीवर आधी छापील किंमत वाढवून मग सूट लावतात, ते मी रोज पाहतो. घरी आलेली 'स्कॉलरशिप' मात्र मला पोरीच्या हुशारीची पावती वाटली. घरी जाऊन आईला हे सांगितलं नाही. पोरीला तर नाहीच.

त्या रात्री पावती काढून बसलो. '१८% जीएसटी' लिहिलंय, पण जीएसटी नंबर कुठेच नाही. पंधरा अक्षरी नंबर असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या साईटवर टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. एक मिनिटाचं काम. नोंदणी नसलेल्या माणसाला हा कर वसूल करताच येत नाही. दुकानात कोणी असं बिल आणलं असतं तर मी तोंडावर परत केलं असतं. ८,६४० रुपये क्लासच्या मालकाने सरळ खिशात घातले असणार.

पत्रकावर 'ऑलिम्पियाड, एनटीएसई, स्कॉलरशिपची संपूर्ण तयारी' असं होतं. एनटीएसई, म्हणजे राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षा, २०२१ नंतर झालेलीच नव्हती. जी परीक्षा बंद पडली तिची तयारी २०२४ मध्ये विकत होते! आणि तेव्हा आठवीला असलेली सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा, जिचा फॉर्म शाळेतून भरायचे, तिचं नाव चार महिन्यांत एकदाही निघालं नाही. घरमालक भेटले तर कळलं, जागेचा करार अकरा महिन्यांचा होता. तसा करार सगळेच करतात, त्यात गैर काही नाही. पण अकरा महिन्यांच्या जागेत बसून त्याने आम्हाला चोवीस महिने विकले, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता धावपळीचं सांगतो, कारण यात अडकलेल्याला तेच लागेल. बँकेत गेलो, म्हटलं डेबिट थांबवा. तिथल्या बाईंनी नीट समजावलं, "मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, थांबवता येईल, कर्ज नाही थांबणार." हप्ता चुकला की दंड लागणार आणि सिबिल, म्हणजे पुढचं कर्ज देताना बघतात तो पतीचा आकडा, पडणार. मला दोन वर्षांत घरासाठी कर्ज घ्यायचं आहे, म्हणून दात-ओठ खात भरत राहिलो. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन, सगळा बंदोबस्त तिकडे. "अधिवेशन आटपू द्या," म्हणाले. अर्जाच्या प्रतीवर पोच शिक्का मात्र मी घेऊनच निघालो. तोच पुढे कामी आला. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार केली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फुकट. माझ्या बाबतीत मुदतीच्या आत उत्तर आलं. सोबत सगळे कागद, प्रत्येक पानावर माझी ई-सही. कर्जदार म्हणून माझं नाव, खाली मुदत, व्याज, दंड, सगळं लिहिलेलं. इंग्रजीत, पण लिहिलेलं.

सरकारी नियमांचं म्हणाल तर वाचून राग जास्त येतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घ्यायचं नाही आणि मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. त्या हिशेबाने चार महिन्यांचे ९,४४० कापून मला ४७,२०० परत यायला हवेत. दिवाळीनंतर ज्या आठवड्यात आमचा क्लास उघडायचा होता त्याच आठवड्यात, १३ नोव्हेंबरला, फसव्या जाहिरातींबद्दलही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नियमावली आली. पण दोन्हीकडे 'कोचिंग' म्हणजे ५० हून जास्त मुलं असलेलं. गल्लीतला क्लास नेमका या भोकातून निसटतो. आमच्या ग्रुपवर ४३ नंबर होते. एकूण मुलं पन्नासच्या वर होती की खाली, हे दाखवायला हजेरीचं रजिस्टर तरी कुठे आमच्याकडे आहे?

उरला ग्राहक कायदा. तिथे मुलांची संख्या कोणी विचारत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये शाळा-कॉलेजं बाहेर ठेवली तरी कोचिंग क्लास कायद्याच्या आत आहेत असं म्हटलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लागतोच असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाईनवर फोन केला, मग आम्ही नऊ पालकांनी मिळून कागद जमवले आणि सिव्हिल लाईन्सला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. क्लास आणि फायनान्स कंपनी दोघांविरुद्ध. बाकीचे पालक म्हणाले, जाऊ द्या, कोण फेऱ्या मारणार. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्या कुठल्या चौकात दुसऱ्या नावाने बॅनर लागेल तेव्हा त्यावर हाच माणूस असेल, अशी माझी खात्री आहे.

जे कोणी सध्या अशा टॅबसमोर बसले असतील त्यांनी एवढंच विचारावं: पैसे माझ्या खात्यातून कोणाच्या खात्यात जाणार? क्लासच्या, तर ठीक. तिसऱ्याच कंपनीचं नाव आलं तर उठा, खुर्ची मागे सरकवा आणि घरी या. ओटीपी स्वतः वाचा, सांगायच्या आधी मेसेज पूर्ण वाचा. जास्तीत जास्त तीन महिन्यांची फी द्या, तीही चेकने किंवा यूपीआयने, पावती घेऊन. आणि आदल्या वर्षीच्या दोन पालकांचे नंबर मागा. क्लास नवा असेल तर ते नसतील, मग महिन्याच्या महिन्याला द्या.

पोरगी आता गल्लीतल्या काकूंकडे जाते. फी विचारायला गेलो तर म्हणाल्या, "आधी महिना भरू दे, पोरीला जमते का पाहू, मग सांगते." कूलर आहे त्यांच्याकडे, आवाज फार करतो.

शेवटचा हप्ता २०२५ च्या ५ जूनला गेला. कंपनीकडून कर्ज फिटल्याचं पत्र आलं, तेही फाईलला लावलं. आयोगात तारखा पडत आहेत. घरमालक म्हणतात मलाही साक्षीला न्या, त्यांचंही तीन महिन्यांचं भाडं बुडालं आहे.