पन्नाशीपुढच्यांनी भोसरीतल्या या प्लेसमेंट ऑफिसात जाऊन यावं

मी क्वालिटी इन्स्पेक्टर, वय 53. कंपनीने प्लांट गुजरातला हलवला आणि आम्ही घरी बसलो. पुढे जिथे बायोडेटा दिला तिथे आधी वय विचारलं, मग "कळवतो". एका कन्सल्टन्सीने तर रजिस्ट्रेशनचे पैसे भरून घेतले आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं.

या ऑफिसात उमेदवाराकडून पैसा घेत नाहीत, फी कंपनी देते. ऑफिस बघणाऱ्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, पीपॅप स्वतः बनवलंय की नुसती सही केलीय?" पीपॅप म्हणजे नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं. स्वतः बनवलंय म्हटल्यावर त्यांनी माझ्यासमोर बायोडेटा नव्याने टाइप केला. 'प्रामाणिक, कष्टाळू' वगैरे ओळी गेल्या. वर आलं बोअर गेज, हाइट गेज ही मोजमापाची साधनं, कंट्रोल प्लॅन (कुठल्या टप्प्यावर काय तपासायचं याचा तक्ता), आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाची दिलेली ऑडिटं. जन्मतारीख मात्र तशीच ठेवली. म्हणाल्या, "ज्यांना वय चालत नाही त्यांच्याकडे जाऊन दिवस कशाला मोडायचा?"

मोठ्या कंपन्यांत त्या आम्हाला पाठवतच नाहीत. चाकण, कुरुळीच्या पार्ट पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडरांकडे पाठवतात. तिथे मालक स्वतः मशिनवर, हाताखाली नुकती डिप्लोमा झालेली पोरं, आणि कस्टमरचं ऑडिट तोंडावर. कागद नीट लावणारा जुना माणूस त्यांना हवाच असतो. मला अशाच एका सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनच्या) शॉपमध्ये काम लागलं. पगार आधीपेक्षा कमी आहे, पण ते त्यांनी इंटरव्ह्यूच्या आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

हातात पैसा नव्हता म्हणून मी पेन्शनचा 10डी फॉर्म भरायला निघालो होतो. मॅडमनी थांबवलं. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन पन्नाशीनंतर मिळते, पण 58 च्या आधी घेतली तर वर्षामागे 4 टक्के कपात, तीही कायमची. माझी जवळपास पाचवा हिस्सा गेली असती. त्यापेक्षा जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) नव्या कंपनीत द्या, नोकरी जोडून धरली जाईल, असं त्यांनी समजावलं. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

बायकांसाठी मात्र इथे फारसं काही नाही. माझ्या वहिनीला, वय 49, रिकाम्या हाताने परत यावं लागलं. पॅकिंग-असेंब्लीच्या जागांना अजून 35 ची अट असते. मॅडमनी यावर कंपन्यांशी भांडायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सकाळीच जा, दुपारी आयटीआयच्या पोरांची गर्दी असते. अनुभवपत्रं, शेवटची पगार स्लिप आणि ट्रेनिंगची सर्टिफिकेटं न्या. त्या एकेक कागद बघतात.