वजन घटवण्यासाठी कोरियात काय निवडावे: काढा, सुया की आठवड्याचे इंजेक्शन?

दक्षिण कोरियात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणाऱ्या आणि वजन कमी करण्याचे मनावर घेतलेल्या माणसाला दोन प्रकारच्या डॉक्टरांकडे जाता येते: पारंपरिक कोरियन वैद्यकाच्या दवाखान्यात, म्हणजे ‘हानुइवॉन’मध्ये, किंवा आधुनिक वैद्यकाच्या क्लिनिकमध्ये. दोघांकडेही सरकारी परवाना असतो. मात्र कायद्याने एकाला दुसऱ्याच्या शास्त्रातले औषध लिहून देता येत नाही.

हानुइवॉनमध्ये शरीराची ठेवण, स्वभाव आणि लक्षणे पाहून प्रकृती ठरवली जाते. ली जे-मा यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या चार प्रकृतींपैकी ‘थेउम’ ही स्थूलतेकडे झुकणारी मानतात, आणि वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा विचार चटकन ओळखीचा वाटतो. या प्रकृतीसाठीचा प्रसिद्ध काढा म्हणजे ‘थेउमजोवी-थांग’. त्यात मुळ्याचे बी, वाळवलेले चेस्टनट, कोरियन स्वयंपाकात भाजी म्हणून खाल्ले जाणारे दोराजीचे मूळ अशी घरगुती वाटणारी द्रव्ये असतात. असे काढे साधारण शंभर मिलिलिटरच्या सीलबंद पाकिटांत मिळतात. पाकीट गरम पाण्यात ठेवून कोमट करायचे, कोपरा कापायचा आणि तो गडद, कडवट काढा पिऊन टाकायचा.

याच काढ्यात ‘माह्वांग’, म्हणजे एफेड्रा, असते आणि निर्णय खरे तर या एका घटकावर ठरायला हवा. त्यातील एफेड्रिन भूक मारते, पण हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढवते. एफेड्रा आणि एफेड्रिनवरील चाचण्यांचा मोठा आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, महिन्याला सुमारे ०.९ किलो जास्त घट दिसली, पण धडधड, मानसिक आणि पचनाच्या तक्रारींची शक्यता २.२ ते ३.६ पट आढळली. हे आकडे या विशिष्ट काढ्याचे नाहीत, तरी घटक तोच आहे. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रा असलेल्या पूरक आहारावर बंदी घातली. कोरियात मात्र परवानाधारक वैद्य माह्वांग लिहून देऊ शकतात. वैद्याच्या देखरेखीखाली, मात्रा सांभाळून घेतलेला काढा आणि दुकानातून उचललेली गोळी यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. तरीही उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित गती, अतिसक्रिय थायरॉइड किंवा काचबिंदू असणाऱ्याने हा मार्ग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसाला चार कप कॉफी पिणाऱ्याने आणि सर्दीसाठी स्यूडोएफेड्रिनची गोळी घेणाऱ्यानेही ते वैद्याला आधी सांगावे.

सुयांबद्दल, म्हणजे ॲक्युपंक्चरबद्दल, थोडक्यात सांगता येईल. पोटावरच्या बिंदूंत केसासारख्या बारीक सुया टोचतात, कधी त्यांना सौम्य विद्युतप्रवाह जोडतात. निर्जंतुक सुयांनी धोका कमी असतो, परंतु चाचण्या बहुधा लहान आणि काही आठवड्यांच्याच आहेत. केवळ सुयांवर भिस्त ठेवून पैसे खर्च करावेत, इतका तो पुरावा भक्कम नाही.

आधुनिक क्लिनिकमध्ये मिळणाऱ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनचा पुरावा मात्र फार वरचा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,९६१ जणांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले, प्लासिबो गटात २.४ टक्के. मळमळ आणि उलट्या हा त्याचा नेहमीचा त्रास आहे. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आले, त्यामुळे हा दीर्घकाळ चालणारा खर्च आहे. ‘वीगोव्ही’ या नावाने ते ऑक्टोबर २०२४ पासून कोरियात मिळते. वजन घटवण्यासाठी घेतलेला काढा असो वा हे इंजेक्शन, राष्ट्रीय आरोग्य विमा त्याचे पैसे देत नाही.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ च्या थोडासा वर असेल, प्रकृती ठणठणीत असेल आणि आहार बदलताना काही आठवड्यांचा आधार हवा असेल, तर काढ्याचा विचार करता येईल; मात्र पहिले पाकीट उघडण्यापूर्वी त्यात माह्वांग आहे का आणि रोज किती ग्रॅम पोटात जाणार, हे वैद्याकडून लेखी घ्यावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, बऱ्याच जास्त वजनाच्या व्यक्तीने आधुनिक डॉक्टरांकडूनच सुरुवात करावी. दोन्हीकडे जाणाऱ्याने तो लेखी कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा.