गो-कार्टचा गंजका एक्सल आणि बेअरिंग सेपरेटर: घ्यावा का?

घ्यावा. एक्सलवर गंजून बसलेलं बेअरिंग ओढून काढायचं हे साधन आहे. फक्त डब्यात येतात त्या सळयांवर विसंबून घेऊ नका.

मी रत्नागिरीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपला आहे. दर बॅचची पोरं स्पर्धेसाठी गो-कार्ट बांधतात. स्पर्धा संपली की गाडी पत्र्याच्या शेडमध्ये जाते आणि पुढचं काम खारा वारा आणि पाऊस बघतात. नवी बॅच आली की तिला जुनाच एक्सल हवा असतो. बेअरिंग नवं घेणं परवडतं, एक्सल नव्याने लेथवर काढून घेणं परवडत नाही. त्यामुळे आमच्याकडचा नियम सोपा: बेअरिंग मेलं तरी चालेल, एक्सलला ओरखडा नको.

सेट कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून मागवला, साडेतीन हजारांच्या आत पडला. नावाजलेल्या कंपनीचा नाही. डब्यात दोन मापांचे सेपरेटर, एक आडवा दांडा, मधला ढकलस्क्रू आणि ओढायच्या सळयांच्या जोड्या. सेपरेटर म्हणजे पोलादी चकतीचे दोन अर्धे भाग. आतली कड धारदार असते. बेअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंनी घालून बोल्ट आवळले की ती धार इनर रिंगच्या (बेअरिंगच्या आतल्या, एक्सलवर बसणाऱ्या रिंगच्या) मागच्या कडेला, एक्सलला लागून बसते. मग सळया, दांडा, आणि मधला स्क्रू एक्सलच्या टोकावर.

तीन पायांचा पुलर असताना हे कशाला, असं पोरं विचारतात. स्टुडंट कार्टवर बहुतेक वेळा प्लमर ब्लॉक (बिडाच्या घरात बसवलेलं बेअरिंग) असतात: ३० मिमी एक्सलला यूसी २०६, २५ ला यूसी २०५. (शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, भोक मिळतं.) या बेअरिंगची बाहेरची रिंग चेंडूसारखी गोल घडवलेली असते आणि बिडाच्या घरात ती हलू शकते. एक्सल जरा वाकडा बसला तरी भागावं म्हणून ती सोय. तीच काढताना मुळावर येते. बेअरिंग घरातून काढायला ते आडवं फिरवावं लागतं, आणि आतून एक्सल गेलेला असताना ते फिरणार कसं? म्हणजे घरासकट ओढायचं. पुलरचे पाय घराला अडकवले की घर तिरकं होतं, पाय घसरतात, पोरगं बोट चोखत बसतं. सेपरेटर थेट इनर रिंगला धरतो. गंजाने एक्सलला चिकटलेली असते ती इनर रिंगच, बाकीच्या भागांशी आपल्याला देणंघेणं नाही.

आता ज्याच्यामुळे अर्धे सेट बदनाम होतात ती गोष्ट. यूसी बेअरिंग एक्सलवर दोन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूंनी) धरलेलं असतं. स्क्रू आवळला की त्याचं टोक एक्सलमध्ये रुततं आणि भोवती धातूची बारीक कड उठते. नखाला लागते, डोळ्याला क्वचितच दिसते. स्क्रू काढला तरी ती कड तिथेच, आणि तिच्यावरून बेअरिंग ओढायचं म्हणजे एक्सलवर आरपार चर पाडायचा. म्हणून आधी ग्रब स्क्रू नुसते सैल न करता पूर्ण बाहेर काढायचे. स्क्रूच्या षटकोनी (ॲलन) खड्ड्यात गंज दाबून बसलेला असतो, तो जाड सुईने कोरा, मग ३ मिमीची ॲलन की हातोडीने ठोकून आत बसवा आणि मगच पिळा. खड्डा गोल झालाच तर जरा मोठ्या मापाचं टॉर्क्स (चांदणीसारखं) टोक ठोकून बसवायचं. रिकाम्या भोकातून गंज सोडवायचं तेल सोडा, ते नेमकं हवं तिथे पोचतं. शक्य असेल तर बेअरिंग आधी उलट्या बाजूला, आतल्या अंगाला, थोडं सरकवा, म्हणजे कड उघडी पडते. सपाट कानशीने ती उतरवा आणि बाहेरचा सगळा एक्सल पॉलिश पेपरने चकचकीत करा. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे बेअरिंगच्या वाटेवरचा प्रत्येक फोड त्याला पाचरीसारखा अडतो.

एवढं केल्यावर सेपरेटरने टोकाजवळचं बेअरिंग असं काढलं की मामा (आमचे वर्कशॉप अटेंडंट) घण हातात घेऊन नुसते उभेच राहिले. स्क्रू पाव पाव फेरा, मध्ये थांबायचं, दांड्यावर हलकी थाप द्यायची, परत पाव फेरा. एकदा ‘टण्ण’ असा आवाज येतो, त्यानंतर काम सरळ होतं. एक्सल पोकळ असेल तर टोकात घट्ट बसणारी लोखंडी गुडदी घाला, नाहीतर ढकलस्क्रूला टेकायला जागाच नाही.

तेलाबद्दल थोडं. साधं डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनलेलं आहे. त्याच कंपनीचं गंजासाठीचं वेगळं स्प्रे मिळतं, ते घ्या. गॅरेजवाले एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळतात. तेही चालतं, पण ते पेट घेतं, तेव्हा गॅसकटर शेजारी असताना नको. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला आच तर कधीच देऊ नका, क्लोरीनवाल्या क्लीनरपासून विषारी वायू होतो.

चाकाच्या ॲल्युमिनियम हबला मात्र हा सेट जवळजवळ लागतच नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या सुमारे दुप्पट फुगतं. हीट गनने हब तापवा, एक्सल ओल्या फडक्याने थंड ठेवा, तीन पायांचा पुलर लावा. हब चिमटा पद्धतीचा असेल तर बोल्ट काढून फटीत छन्नी हलकेच बसवली तरी सुटतो. एक्सलच्या टोकावर थेट घण घातला की टोक फुलतं आणि मग हबच काय, काहीच पुढे सरकत नाही.

तक्रार आता. डब्यातल्या सळया जोडून वीतभर लांबीसुद्धा धड होत नाही. कार्टचा एक्सल मीटरच्या आसपास, आणि स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) किंवा ब्रेक डिस्कजवळचं बेअरिंग टोकापासून बरंच आत. तिथे सेपरेटर बसतो, पण दांडा टोकापर्यंत पोचतच नाही. वर आमच्या डब्यातल्या एका जोडीतली एक सळई दुसरीपेक्षा आखूड निघाली. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “सर, वॉशर लावा की.” तीन वॉशर लावले.

आम्ही आट्याच्या लांब सळया आणल्या. साधी सळई ताणाखाली लांबते आणि आटे बिघडतात, म्हणून ८.८ ग्रेडची मागून घ्या. लांब सळया लावल्या की ओढ वाकडी जायला लागते, दोन्ही नट सारखेच आवळत राहावं लागतं. आणि कोणीही टोकासमोर उभं राहायचं नाही, हे मी पोरांना दोनदा सांगतो.

मधलं बेअरिंग तरीही हललं नाही तर ग्राइंडर. बिडाचं घर फोडा, बाहेरची रिंग कापा, गोळ्या गळून पडतील. इनर रिंगला कटिंग व्हीलने तिरका चर पाडा, पण आरपार नाही, एक्सलच्या आधी केसभर थांबा. चरात छन्नी ठेवून एक ठोका दिला की रिंग तडकते. बेअरिंगचं पोलाद काचेसारखं कडक, कपचा गोळीसारखा उडतो, गॉगलशिवाय कुणी जवळ फिरकायचं नाही.

ढकलस्क्रूचे आटे अजून शाबूत आहेत, सेपरेटरची धार एका ठिकाणी किंचित बोथट झाली आहे. स्क्रूच्या टोकाला आधीच ग्रीस लावा, दुकानदार ते सांगत नाही. डब्याची प्लॅस्टिकची कडी मात्र केव्हाच तुटली. सायकलच्या ट्यूबचा रबर लावलाय, तो कडीपेक्षा बरा आहे.