सेलवाला थर्मोस्टॅट की वायरवाला? नऊ झोनच्या बिल्डिंगमधला माझा अनुभव

घरी कुठला थर्मोस्टॅट (खोलीच्या तापमानावरून हीटिंग चालू-बंद करणारं भिंतीवरचं यंत्र) लावलाय याने फार बिघडत नाही, गारठलं तर कोणीतरी उठून बघतंच. ऑफिसं-दुकानं असलेली बिल्डिंग मात्र शुक्रवारी संध्याकाळी बंद झाली की थेट सोमवारी सकाळी उघडते, मधे काय झालं ते कोणाला कळत नाही. माझ्याकडे असे नऊ झोन, म्हणजे स्वतःचा थर्मोस्टॅट असलेले नऊ भाग, आहेत आणि दोन्ही प्रकार मी वापरलेत.

प्रोग्रॅमिंगचं पटकन सांगतो. शनिवार आणि रविवार अगदी सारखे जात असतील तर पाच-दोनवाला (सोमवार ते शुक्रवार एक वेळापत्रक, शनिवार-रविवार दुसरं) चालेल, पण शनिवारी अर्धा दिवस कोणी येत असेल तर सात दिवसवालाच घ्या. कीपॅड लॉक हवाच, आणि ओव्हरराइड, म्हणजे हाताने केलेला तात्पुरता बदल, दोन-तीन तासांनी आपोआप सुटणारा हवा, नाहीतर कोणीतरी होल्ड (तेच तापमान कायम ठेवणारं बटण) दाबून घरी जातं आणि हीटिंग रात्रभर चालू.

खरा प्रश्न पॉवरचा. सेलवाला लावायला एकदम सोपा, जुन्या आर (पॉवरची) आणि डब्ल्यू (हीटिंग मागणारी) अशा दोनच वायर असल्या तरी काम होतं, लाइट गेली तरी घड्याळ चुकत नाही. दोन पेन्सिल सेल साधारण वर्षभर जातात म्हणून सुरुवातीला मी सगळीकडे तेच लावले. पण नऊ ठिकाणचे सेल एका दिवशी संपत नाहीत हो! आज या झोनमध्ये, तीन आठवड्यांनी त्या, आणि बॅटरीची खूण लुकलुकतेय हे तिथे बसणारा माणूस सांगतोच असं नाही. एका सोमवारी दुसऱ्या मजल्यावर गेलो तर सगळे कोट घालून कामाला बसलेले, थर्मोस्टॅटचा स्क्रीन कोरा, झाकण उघडलं तर सेलच्या टोकाला पांढरी पूड जमलेली. खाली बॉयलर व्यवस्थित चालू होता, फक्त या झोनला कोणी मागणीच करत नव्हतं. बाहेरच्या भिंतीतून पाण्याचा पाइप जातो तिथे, तो गोठला नाही हे नशीब. लिथियम सेल टाकून पाहिले, जास्त टिकतात, पण त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून एकदम पडतो, त्यामुळे सूचना मिळते ती फार उशिरा.

सेलही नको आणि जादा वायरही नको असं म्हणणारे, हीटिंगच्याच सर्किटमधून थोडा करंट उचलणारे मॉडेल पण आहेत. हीटिंगच्या काही कंट्रोल बोर्डांवर ते छान चालतात म्हणे, माझ्या एका युनिटचा रिले (हीटिंग चालू-बंद करणारा स्विच) मात्र सारखा गुणगुणायला लागला, मी काढून टाकला.

राहिली सी वायर. 24 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरचं एक टोक आरला येतं, दुसरं टोक म्हणजेच सी, ते भिंतीपर्यंत आणलं की थर्मोस्टॅटला कायम पॉवर. वायर नवीन ओढावी लागेल या धास्तीने मी हे टाळत होतो, पण एका ठिकाणी प्लेट काढली तर मागे केबलच्या आवरणाला एक निळी वायर गुंडाळून ठेवलेली, न वापरलेली! नऊपैकी सात ठिकाणी तशीच निघाली. तेव्हा खरेदीच्या आधी प्लेट उघडून बघाच. रंगावर जाऊ नका, दुसरं टोक ट्रान्सफॉर्मरच्या सीला जोडल्यावर आर आणि सीमध्ये मीटर लावून बघा, 24 ते 28 व्होल्ट एसी दिसला पाहिजे. थर्मोस्टॅट स्वतः अगदी थोडं खातो, पण त्याच 40 व्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरवर झोन व्हॉल्व्ह (त्या त्या झोनचं गरम पाणी सोडणारे-बंद करणारे) लटकलेले असतील तर सगळ्यांच्या व्हीएची बेरीज करून घ्या. (थेट 120 किंवा 240 व्होल्टवर चालणारे बेसबोर्ड हीटर असतील तर यातलं काही लागू नाही.)

वायरवाल्यात एक खोट आहे, लाइट गेल्यावर प्रोग्रॅम राहतो पण काही मॉडेलचं घड्याळ 12:00 वर जातं, आणि मग शेड्यूल भलत्याच वेळी चालतं. म्हणून वायर आणि बॅकअपला सेल असे दोन्ही घेणारा मिळाला तर बघा, मी तरी आता तोच मागवतो. तुमची बिल्डिंग दोन झोनची असेल आणि रोज कोणी फिरणारं असेल तर सेलवालाही पुरेल कदाचित.

जिथे जादा वायर नव्हती ते दोन झोन माझ्याकडे अजून सेलवरच आहेत. तिथे हीटिंगचा सीझन सुरू व्हायच्या आधी, जुने संपलेले नसले तरी, नवीन अल्कलाइन सेल टाकतो आणि झाकणाच्या आत पट्टीवर तारीख लिहून ठेवतो.