एंटरप्राइझ घ्यावी की लेझर?

क्लबच्या होडीवर हात बसला आणि स्वतःची घ्यायची वेळ आली की आपल्याकडे बऱ्याचदा या दोन फायबरच्या, शिडाच्या होड्यांपाशी मन अडतं: दोघांनी चालवायची एंटरप्राइझ आणि एकट्याची लेझर. मी दोन्ही चालवल्या आणि शेवटी लेझर घेतली. पण आधी एंटरप्राइझबद्दल, कारण ती मला आजही आवडते.

जॅक होल्टने १९५६ मध्ये ती प्लायवूडमध्ये बांधता येईल अशी आखली. हल, म्हणजे होडीचं मुख्य अंग, फायबरचा झाला तरी बुडाच्या कडा तशाच राहिल्या. पुढे जिब हे छोटं शीड असल्यामुळे दोन शिडांमधून वारा कसा खेळवायचा, हे तिच्यावर फार छान कळतं. सेंटरबोर्ड, म्हणजे बुडातून पाण्यात उतरणारी फळी, खिळीवर फिरतो. ओहोटीला चिखलात टेकला तर स्वतःच वर उचलला जातो. लेझरचा डॅगरबोर्ड, तिथली तशीच फळी, उभा सरकवलेला असतो, तो गचकन अडतो आणि धक्का थेट हलच्या खाचेला बसतो. मुंबईच्या उथळ किनाऱ्यावर ही गोष्ट लहान नाही.

माझा निर्णय मात्र होडी उलटल्यानंतर आत राहणाऱ्या पाण्याने केला. खडकवासल्यासारख्या डोंगरांमधल्या जलाशयावर वारा सलग येत नाही. झोत येतो, थांबतो, दिशा बदलून पुन्हा येतो, आणि होडी कलंडते. एंटरप्राइझ उघडी होडी आहे. सरळ केली की आत ढीगभर पाणी घेऊनच वर येते. पुढचा झोत आला की ते सगळं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि होडीला पुन्हा आडवी करू पाहतं. बेलर, म्हणजे बुडातली पाणी बाहेर काढायची झडप, उघडावा, तर तो होडीने वेग घेतल्याशिवाय पाणी ओढत नाही. आणि पाण्याने जड झालेली होडी वेग घेत नाही. मग एकाने सुकाणू सांभाळायचं, दुसऱ्याने उपसत बसायचं. तोवर शर्यत पुढे निघून जाते. नव्या हलमध्ये हवेच्या टाक्या मोठ्या असतात, त्यामुळे हा त्रास कमी होत असावा; मी चालवलेल्या होड्या जुन्या होत्या.

लेझरचा हल आणि डेक मिळून एक बंद कवच होतं, कॉकपिट म्हणजे नुसता उथळ खळगा. सरळ केली, चढलो, शीट (शिडाचा दोर) ओढली की निघाली. ब्रूस कर्बीने १९६९ मध्ये फोनवर बोलता बोलता तिचं पहिलं रेखाटन केलं होतं, आणि तो साधेपणा तिच्यात टिकून आहे. चालवणाऱ्याचं वजन कमी असेल तर खालची डोलकाठी आणि शीड बदला, हल तोच. भारताचे विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन वेगवेगळ्या शिडांवर, पण याच हलवरून ऑलिंपिकला पोहोचले.

तिचेही हट्ट आहेत. जाइब करताना, म्हणजे वारा मागून घेत शीड दुसऱ्या बाजूला नेताना, तीच शीट, म्हणजे मेनशीट, होडीच्या मागच्या कोपऱ्यात अडकते. बूम (शिडाखालचा आडवा दांडा) फिरताना शीटला झटका द्यायची सवय लावावी लागते. मांड्यांवर ताण येतो. शीड डोलकाठीवर मोज्यासारखं चढवलेलं असल्याने पाण्यावर उतरवता येत नाही.

घरातलं कुणी दर रविवारी नक्की सोबत येणार असेल, तर एंटरप्राइझ जरूर बघा, मोठ्या टाक्यांची. एकट्याने जायचं असेल तर मी लेझरच म्हणेन. जुनी घेताना डोलकाठीच्या खाचेत पाणी भरून ठेवा. पातळी उतरली तर ते हलच्या आत झिरपतंय, ती होडी सोडून द्या. कॉकपिटच्या कडेचा डेक अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागला तर आतला फोम सुटत चाललेला असतो.