डब्यावर फोर-के, फाइलमध्येही फोर-के, चित्रात मात्र नाही

‘फोर-के, ४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम’ असं लिहिलेला सहा-सात हजारांचा व्हिडिओ कॅमेरा ऑनलाइन मागवला, लॅपटॉपवर फाइलची माहिती उघडली, तिथे ३८४० बाय २१६० दिसलं आणि घेणारा निर्धास्त झाला. फसवणूक इथेच पक्की होते, कारण तो आकडा खोटा नसतो. फाइल खरोखर तेवढ्याच मापाची असते. खोटं असतं ते आतलं चित्र.

फोर-केच्या एका फ्रेमला सुमारे ८३ लाख पिक्सेल लागतात, फुल एचडीला सुमारे २१ लाख. असले कॅमेरे बऱ्याचदा फुल एचडीपुरतं, कधी त्याहूनही कमी टिपतात आणि उरलेले पिक्सेल शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतात. दुधात पाणी घालून माप पूर्ण करावं, तसं. जाहिरातीत अगदी खाली बारीक अक्षरांत ‘इंटरपोलेटेड’ हा शब्द कधीकधी सापडतो. सापडला, तर पुढे वाचायची गरज नाही. ‘४८ मेगापिक्सेल’ फोटोचीही बहुधा हीच गत. आणि १६ एक्स डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा ताणणं: खऱ्या फोर-केमधूनही तेव्हा २४० बाय १३५ पिक्सेलच हाती उरतात.

तपासायला वर्तमानपत्र पुरतं. छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर चिकटवा, कॅमेरा स्टँडवर ठेवा, पान फ्रेमच्या मधोमध घ्या. कॅमेरा इतका लांब ठेवा की फुल एचडीत अक्षरं जेमतेम वाचता येतील. दिवसाच्या उजेडात, जागा न हलवता, स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद करून, आधी फोर-केमध्ये आणि मग फुल एचडीमध्ये अर्धा-अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. दोन्ही चित्रं संगणकावर सारख्याच आकारात मोठी करून बघा. देवनागरी इथे फार कामाला येते: अनुस्वार, रफार, उकार हेच आधी विरघळतात. खऱ्या फोर-केमध्ये ते स्पष्ट सुटे दिसायला हवेत. दोन्हीकडे सारखाच चिखल असेल, तर ताणलेलं चित्र तुमच्या गळ्यात मारलंय. मात्र पान फार जवळ धरू नका. यातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा बसवलेला असतो. जवळचं तसंही धूसर येतं आणि निष्कर्ष चुकतो.

दुसरी लबाडी फ्रेमची. ‘३० एफपीएस’, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम, म्हणतात, पण प्रत्यक्षात १५ फ्रेम टिपून प्रत्येक दोनदा लिहिली जाते. मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करून ते चांगल्या उजेडात रेकॉर्ड करा, फाइल संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा आणि ‘ई’ हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे जा. खरे ३० असतील, तर प्रत्येक फ्रेममध्ये शतांश सेकंदाचा आकडा ३-४ने पुढे सरकतो. आकडे थोडे एकमेकांवर आलेले दिसले तर ते चालतं. पण तोच आकडा लागोपाठ दोन फ्रेममध्ये आणि मग ६-७ची उडी, असं सतत दिसलं तर शंकेला जागा नाही.

फाइलचं वजनही बोलतं. सेकंदाला १०० मेगाबिटने केलेलं एक मिनिट म्हणजे ७५० एमबी. एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीचं फोर-के मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबीतच उरकत असेल, तर हलत्या दृश्यात बारकावे टिकणं अवघड. उलटं मात्र खरं धरू नका; ताणलेलं चित्रही जड फाइलमध्ये भरता येतं. ट्यूबलाइटखाली सरकते पट्टे दिसले, तर ती फसवणूक नव्हे. सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ असेल, ते ५० करा.

दुकानात हातात घेऊन पाहिलं तरी फरक कळेलच असं नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या साधारण १०.४ लाख डॉटच्या स्क्रीनवर प्रत्यक्ष पिक्सेल जेमतेम साडेतीन लाख, कारण एका पिक्सेलला तीन डॉट लागतात. त्यावर सगळेच कॅमेरे छान दिसतात. आपलं कार्ड घालून रेकॉर्ड करा, फाइल घरी नेऊन बघा. दुकानदार नाही म्हणाला, तर ते उत्तरच समजा.

नावाजलेल्या कॅमेऱ्यातही ‘फोर-के’ हा एकच शब्द पाहून फसगत होते. २०१८च्या कॅनन ईओएस एम५०चं फोर-के अस्सल आहे. पण त्यात चित्र आणखी १.६ पट कातरलं जातं आणि ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (कॅननची फोकस आपोआप धरण्याची पद्धत) चालत नाही. १५-४५ एमएम लेन्सचं रुंद टोक ३५ एमएम फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ एमएमवरून थेट ३८वर येतं, म्हणजे दृश्य बरंच अरुंद होतं. हात लांब करून स्वतःचं शूटिंग करणाऱ्याच्या फ्रेममध्ये मग चेहऱ्याशिवाय फारसं काही मावत नाही.

या चाचण्या माल आल्या दिवशीच करा, कारण विक्रेत्याचा सगळा खेळ परतीची मुदत संपवण्याचा. आधी ‘फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा’, मग ‘दुसरं कार्ड घालून बघा’, मग ‘पाचशे रुपये परत देतो, रिव्ह्यू काढा’. बोलणं ॲपमधल्या चॅटवरच ठेवा, फोनवर नको. ई-कॉमर्स नियम २०२०नुसार ऑनलाइन विक्री कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तेवढ्याने भागलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तिथे मालासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

पुरावा म्हणून मूळ फाइलच जपून ठेवा, कार्डवरून थेट उतरवलेली. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबली जाते, आणि विक्रेता लगेच म्हणतो, धूसरपणा व्हॉट्सॲपचा आहे.